प्रशिक्षक पिता आणि खेळाडू पुत्र

वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत वेदान्त, अर्थकारण, नाट्यकला अशा विषयांच्या शेजारी फुटबॉलचे नाव पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु आज आम्ही मांडणार आहो तो प्रश्न वरकरणी मैदानावरचा असला, तरी त्याचे मूळ घरात आणि समाजात आहे. ज्याच्या हाती निवडीचा अधिकार, त्याचाच मुलगा जर उमेदवार असेल, तर त्या मुलाचा गुण इतरांनी ओळखावा कसा? आपल्याकडे म्हणच आहे : आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. ही म्हण माणसाच्या स्वभावाविषयी खरी आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न इतकाच की, एखादा बाब्या खरोखरच गुणी निघाला, तर ते आपण कशावरून ठरवणार?

या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडले. २००६ च्या विश्वचषक स्पर्धेत अमेरिकेचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला आणि प्रशिक्षक ब्रूस अरीना यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी जर्मनीचे नामांकित खेळाडू युर्गन क्लिन्समन यांना आणावे, असा अमेरिकन फुटबॉल संघटनेचा मानस होता. ती बोलणी फिसकटली. तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये बॉब ब्रॅडली यांच्याकडे हंगामी सूत्रे आली आणि मे २००७ मध्ये त्यांची नेमणूक कायम झाली. ब्रॅडली हे काही ऐरेगैरे नव्हते. १९९८ साली शिकागो फायर या क्लबास त्यांनी अमेरिकन लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. तथापि 'दुसऱ्या पसंतीचा माणूस' हा शिक्का त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून होता. त्यातच त्यांचा मुलगा मायकेल राष्ट्रीय संघात मधल्या फळीत खेळू लागला. मग काय विचारता! संघ हरला की मायकेलकडे बोट, आणि जिंकला तरी 'याच्या जागी दुसरा असता तर अधिक गोलांनी जिंकलो असतो,' अशी कुजबूज. पुढली साडेचार वर्षे अमेरिकेतील फुटबॉलशौकिनांचा हा वाद संपला नाही.

असा वाद सर्व खेळांत सारख्या प्रमाणात माजत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तालमीतल्या वस्तादाचा मुलगा कुस्तीत उतरला, तर त्याला वशिल्याने जिंकता येत नाही. पाठ कोणाची मातीला लागली, हे हजारो डोळे पाहतात. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निकाल देते, आणि घड्याळाला नातेगोते नसते. फुटबॉलचे तसे नाही. विश्वचषकासाठी २०१० साली प्रत्येक देशाला तेवीस खेळाडूंचा चमू नेता येत होता. त्यांतून मैदानावर उतरावयाचे अकरा. ते कोणते, हे मोजपट्टी लावून ठरत नाही. ते प्रशिक्षकाच्या डोळ्यावर आणि अंदाजावर ठरते. जेथे माप नाही तेथे मत आले, आणि जेथे मत आले तेथे संशयाला वाट मिळाली.

त्यातही मायकेलची जागा अशी की तीवर वाद हमखास व्हावा. आघाडीच्या गड्याचे गोल मोजता येतात. गोलरक्षकाने किती चेंडू अडवले तेही मोजता येते. मधल्या फळीतील गड्याचे बरेचसे काम प्रेक्षकाच्या नजरेत भरत नाही. प्रतिपक्षाची चाल सुरू होताच तिच्या वाटेत जाऊन उभे राहणे, पुढे गेलेल्या सहकाऱ्याची मोकळी जागा भरून काढणे, घाईच्या वेळी चेंडू मागे देऊन खेळाचा वेग आवरणे, हे ते काम. एवढे करून तो गडी दिसतो कधी? तर त्याच्या हातून चूक झाली म्हणजे! स्वयंपाकात मीठ बरोबर पडले तर त्याचा उल्लेख कोणी करीत नाही. कमीजास्त झाले की सर्व पंगतीला कळते. मधल्या फळीचे तसेच आहे.

या वादात ढोबळमानाने तीन पक्ष पडले होते. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की मुलगा वडिलांमुळेच संघात आहे. दुसऱ्याचे म्हणणे, तो गुणांमुळे आहे आणि आडनाव हा निव्वळ योगायोग. तिसरा पक्ष अधिक विचारी होता. त्याचे म्हणणे : मुलगा गुणी आहे हे आम्ही मान्य करतो, परंतु तो चुकला असता बाप त्याला इतरांइतक्याच कठोरपणे बाहेर बसवील काय? निवडीपेक्षा शिस्तीचा प्रश्न खरा आहे. आमच्या मते तिसऱ्या पक्षाचा प्रश्न सर्वांत वजनदार होता. पण आधी पहिल्या दोघांचा हिशेब पाहू.

पहिल्या पक्षाच्या हाती पुरावा अगदीच नव्हता असे नाही. २००४ साली बॉब ब्रॅडली मेट्रोस्टार्स या क्लबाचे प्रशिक्षक होते, आणि त्या वर्षीच्या खेळाडूवाटपात त्यांनी छत्तिसाव्या क्रमांकावर आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेतले. म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचे दार त्याला वडिलांनीच उघडून दिले, असे कोणी म्हटले तर ते नाकारता येणार नाही. परंतु दार उघडणे वेगळे आणि घरात टिकणे वेगळे. जानेवारी २००६ मध्ये मायकेल हॉलंडमधील हेरेनफेन या क्लबात गेला. तेथे वडिलांचा काडीचाही अधिकार चालत नव्हता. २००७-०८ च्या हंगामात त्याने डच लीगमध्ये सोळा गोल केले. मधल्या फळीतील वीस वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ही संख्या लहान नव्हे. पुढे त्याला जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख या क्लबाने घेतले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, राष्ट्रीय संघाचा अंगरखा त्याच्या अंगावर प्रथम चढवला तो वडिलांनी नव्हे. मे २००६ मध्ये व्हेनेझुएलाविरुद्धच्या सामन्यात त्याला ती संधी ब्रूस अरीना यांनी दिली. त्या वेळी बॉब ब्रॅडली राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होतील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आता वडिलांच्या कारकिर्दीतील मुलाची कामगिरी पाहा. फेब्रुवारी २००९ मध्ये कोलंबस शहरी मेक्सिकोविरुद्ध विश्वचषकाचा पात्रता सामना झाला. अमेरिकेने तो २-० असा जिंकला आणि दोन्ही गोल मायकेलचे होते. त्याच वर्षी जून महिन्यात दक्षिण आफ्रिकेत कॉन्फेडरेशन्स कप स्पर्धा झाली. इटली आणि ब्राझील यांच्याकडून अमेरिकेने सपाटून मार खाल्ला आणि प्रशिक्षक बदलण्याची ओरड टिपेला पोहोचली. मग इजिप्तला ३-० असे हरवून संघ कसाबसा पुढे सरकला. त्यांतला एक गोल मायकेलचा. उपांत्य सामन्यात तर अमेरिकेने, सलग ३५ सामने अजिंक्य राहिलेल्या स्पेनला २-० असे नमवले. परंतु या जमेच्या बाजूला खर्चाची बाजूही आहे. त्याच सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत बेफाम धसमुसळेपणाबद्दल मायकेलला लाल पत्र मिळाले आणि ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्यास तो मुकला. अमेरिकेने तेथे दोन गोलांची आघाडी घेतली होती. पण सामना २-३ असा हातचा गेला. दोन वर्षांपूर्वी, २००७ च्या गोल्ड कप स्पर्धेतही उपांत्य सामन्यात त्याला असेच बाहेर जावे लागले होते. तिसऱ्या पक्षाचा प्रश्न येथे टोचू लागतो : दुसऱ्या एखाद्या मुलाला अशी सवलत मिळाली असती काय?

२०१० च्या विश्वचषकात १८ जून रोजी जोहान्सबर्ग येथे स्लोव्हेनियाविरुद्ध अमेरिका मध्यंतरापर्यंत दोन गोलांनी मागे होती. डोनोव्हनने एक फेडला, आणि ८२ व्या मिनिटाला मधल्या फळीतून धावत येऊन दुसरा फेडला तो मायकेलने. हा गोल झाला नसता तर अमेरिकेची आशा बहुधा तेथेच मावळली असती. पुढे अल्जीरियाला भरपाईच्या वेळेत केलेल्या गोलाने हरवून अमेरिका गटात इंग्लंडच्याही वर, पहिल्या क्रमांकावर आली.

आणि मग घानाविरुद्धचा सामना. या सामन्याकडे आम्ही श्रोत्यांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. रस्टेनबर्ग येथे २६ जूनला बॉब ब्रॅडली यांनी मायकेलच्या जोडीला रिकार्डो क्लार्क यास उतरवले. पाचव्याच मिनिटाला क्लार्कच्या पायातून चेंडू निसटला आणि घानाने गोल केला. एकतिसाव्या मिनिटाला क्लार्कला बाहेर काढून मॉरिस एडू यास आणावे लागले. अखेर जादा वेळेत अमेरिका १-२ अशी हरली. म्हणजे प्रशिक्षकाच्या ज्या निर्णयाची झळ संघाला सर्वांत अधिक बसली, तो निर्णय मुलाविषयीचा नव्हताच. मुलाच्या शेजारी कोण उभा राहणार, याविषयीचा होता. चार वर्षे ज्याच्या नावाने गवगवा झाला, त्या जागेवर गडी ठीक होता. ज्या जागेकडे फारसे कोणी पाहत नव्हते, तेथे भगदाड पडले. संशयाचा हा मोठाच तोटा आहे. तो एकाच जागी खिळून बसतो, आणि चिकित्सेची खरी गरज असते तेथे डोळस माणसासही काही दिसेनासे होते.

जून २०११ मध्ये गोल्ड कपच्या अंतिम सामन्यात मेक्सिकोने अमेरिकेला ४-२ असे हरवले. त्या सामन्यात अमेरिकेचा पहिला गोल मायकेलचाच होता. जुलैत बॉब ब्रॅडली यांना निरोप मिळाला आणि त्यांच्या जागी आले ते युर्गन क्लिन्समन. आता पिता गेला. पुत्राचे काय होते, हे पाहण्याची वेळ आली. वशिल्याची भिंत काढून घेतली की तिच्या आधाराने उभे असलेले छप्पर कोसळते. येथे तसे झाले नाही. क्लिन्समन यांनी मायकेलला संघात ठेवले. २०१४ च्या विश्वचषकात चारही सामने खेळवले. पुढे कर्णधारही केले. त्यांच्यानंतर पुन्हा आलेल्या अरीना यांनीही त्याचे कर्णधारपद राखले. २०१९ पर्यंत तो राष्ट्रीय संघाकडून १५१ सामने खेळला. २०१७ साली त्रिनिदादकडून हरून अमेरिका २०१८ च्या विश्वचषकास मुकली, तेव्हा कर्णधार म्हणून त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. परंतु त्या टीकेत वडिलांचे नाव घेण्याचे कोणाला कारण उरले नव्हते.

यावरून एक साधी कसोटी निघते : पित्याच्या आधी त्याला कोणी निवडले, आणि पित्याच्या नंतर त्याला कोणी ठेवले? मधल्या काळातील निवडीबद्दल पित्याच्या मनात काय होते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण दोन्ही टोकांना परके साक्षीदार असतील, तर मधला काळही बराचसा उजळतो.

ही कसोटी इतर पितापुत्रांना लावून पाहू. इटलीच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे १९९६ च्या अखेरीस चेझारे माल्दिनी यांच्याकडे आली, तेव्हा त्यांचा मुलगा पाओलो आधीच कर्णधार होता. १९८८ साली त्याला संघात घेतले होते ते आझेल्यो विचिनी यांनी. १९९८ च्या विश्वचषकात इटली फ्रान्सकडून पेनल्टीच्या फेरीत हरली आणि चेझारे पायउतार झाले. मुलगा २००२ पर्यंत राहिला. तेथे पाओलोच्या जागेविषयी कोणी तोंड उघडले असते तर लोक हसले असते. क्रोएशियाचे उदाहरण जरा अवघड. २००४ साली झ्लात्को क्रान्यचार प्रशिक्षक झाले आणि मुलगा निको याला राष्ट्रीय संघात पहिली संधी त्यांनीच दिली. म्हणजे 'आधी कोणी निवडले' या प्रश्नाचे उत्तर येथे मिळत नव्हते. २००६ च्या विश्वचषकात संघ गटातच बाद झाला, आणि पित्याचे पद गेले. उत्तर मिळाले ते त्यानंतर : नवे प्रशिक्षक स्लावेन बिलिच यांनी निकोला काढले नाही, आणि पुढे तो एकूण ८१ सामने खेळला.

तिसऱ्या पक्षाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्लोव्हाकियाने दिले. योगायोग असा की तेही २०१० च्या त्याच विश्वचषकात. तेथील प्रशिक्षक व्लादिमिर वाइस, आणि त्यांच्या मुलाचेही नाव व्लादिमिर वाइसच. आजोबाही त्याच नावाचे; तेही चेकोस्लोव्हाकियाकडून खेळलेले! पहिले दोन सामने नातू सुरुवातीपासून खेळला. संघाने एक बरोबरीत सोडवला, एक गमावला. तिसरा सामना जगज्जेत्या इटलीशी, आणि तो जिंकल्यावाचून गत्यंतर नाही. त्या दिवशी पित्याने मुलाला खेळवलेच नाही. स्लोव्हाकिया ३-२ असा जिंकला आणि इटली स्पर्धेतून बाहेर पडली. पुढच्या, हॉलंडविरुद्धच्या सामन्यात मुलगा पुन्हा पहिल्या अकरांत होता. वाइस यांनी कोणतेही भाषण केले नसते तरी चालले असते. मुलाला बाहेर बसवण्याची तयारी बापाच्या अंगी आहे, हे एका निर्णयाने साऱ्या संघाला कळले.

येथे आणखी एक भेद करावयास हवा, तो वारसा आणि वशिला यांतला. गवयाच्या घरी जन्मलेल्या मुलाच्या कानावर पाळण्यापासून सूर पडतात. त्याला चार वर्षांत जे येते त्यासाठी बाहेरच्या शिष्याला दहा वर्षे घासावी लागतात. हा वशिला नव्हे. पण हा लाभ नव्हेच, असेही म्हणवत नाही. प्रशिक्षकाच्या घरी वाढलेल्या मुलास जेवणाच्या टेबलावर डावपेच ऐकावयास मिळतात. मैदान त्याला परके वाटत नाही. यात अन्याय असेलच तर तो जन्माचा, निवडीचा नव्हे. वारशाने आलेला गुण मैदानावर खरा ठरतो. वशिल्याने आलेली जागा मैदानावर उघडी पडते. अमेरिकेतील वादात या दोहोंची पुष्कळदा सरमिसळ झाली.

मग टीका करणारे प्रेक्षक सगळे मूर्ख होते काय? मुळीच नाही. कारण या प्रकरणात पिता आणि पुत्र यांच्याखेरीज एक तिसरा माणूस असतो, आणि त्याच्यासाठी कोणी व्याख्याने देत नाही. तो म्हणजे बाकावर बसलेला गडी. त्याची जागा प्रशिक्षकाच्या मुलाने घेतली आहे. मुलगा सरस असेलही. परंतु हे त्या गड्याने मानावे कशाच्या आधारावर? आम्ही सांगितलेली 'नंतर'ची कसोटी चार वर्षांनी निकाल देते, आणि खेळाडूच्या आयुष्यात चार वर्षे म्हणजे अर्धी कारकीर्द. तेव्हा निवड न्याय्य असणे पुरेसे नाही. ती न्याय्य आहे असे हरणाऱ्यालाही त्याच वेळी दिसले पाहिजे.

क्रिकेटमध्ये यासाठी एक सोय आहे. तेथे संघ निवडते ती समिती. रॉजर बिन्नी हे भारतीय निवड समितीवर असताना २०१४ साली त्यांचा मुलगा स्टुअर्ट भारताकडून खेळला. मुलाच्या नावाची चर्चा निघाली की वडील बैठकीतून उठून जात, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. त्याच वर्षी जूनमध्ये मिरपूर येथे बांगलादेशाविरुद्ध स्टुअर्टने अवघ्या चार धावांत सहा बळी घेतले. तरीही कुजबूज थांबली नाही, हे खरे. पण उठून जाण्याला दरवाजा तरी होता! फुटबॉलच्या प्रशिक्षकाला तो नाही. संघ त्यानेच निवडावयाचा आणि हार झाली तर पदही त्यानेच सोडावयाचे. निवड दुसऱ्याकडे सोपवून जबाबदारी त्याच्यावर ठेवता येत नाही. म्हणून त्याच्या हाती दोनच साधने उरतात : सर्वांना लागू असलेला नियम मुलाला आधी लावणे, आणि गरज पडेल त्या दिवशी, वाइस यांच्याप्रमाणे, त्याला बाहेर ठेवणे.

बॉब आणि मायकेल ब्रॅडली यांची गाठ पुढेही पडत राहिली. २०२२ च्या हंगामात बॉब टोरोंटो क्लबाचे प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा मायकेल तेथे आधीपासून कर्णधार होता. संघाची कामगिरी खालावली आणि जून २०२३ मध्ये पित्याला जावे लागले. त्या वर्षअखेर मायकेलने खेळातून निवृत्ती घेतली, आणि २०२५ साली तो न्यूयॉर्क रेड बुल्स क्लबाच्या दुय्यम संघाचा प्रशिक्षक झाला. हा क्लब म्हणजेच पूर्वीचा मेट्रोस्टार्स. वडिलांनी त्याला सोळाव्या वर्षी घेतले तो.

श्रोतेहो, फुटबॉल पाहणारे आपल्यात थोडे असतील. परंतु संस्था चालवणारे, शाळांच्या समित्यांवर असणारे, दुकानाच्या गादीवर मुलाला बसवणारे पुष्कळ आहेत. आडनाव सारखे दिसले की लगेच निकाल देऊन मोकळे होण्याची आपल्याला घाई असते. तसे करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. परक्यांनी याला कधी निवडले होते काय? याच्या चुकीला इतरांच्या चुकीइतकीच शिक्षा होते काय? आणि ज्याची जागा गेली त्या माणसाला कारण सांगितले गेले काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलाने द्यावयाचे आहे, दुसऱ्याचे बापाने. तिसऱ्याचे उत्तर संस्थेकडून मागण्याचा अधिकार मात्र आपणा प्रेक्षकांचा आहे, आणि तो आपण फारच क्वचित बजावतो.